मला काही झालेलं नाही



रात्रीच्या वेळी अक्कलकोट रोड एमआयडीसीतून गेलात, तर यंत्रमागांचा खडखडाट तुम्ही ऐकला असेल. माझा धाकटा भाऊ तिथल्या एका टॉवेल कारखान्यात रात्रपाळीला होता. 2006 सालच्या पावसाळ्यात एका पहाटे तो घरी आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाईजान, मागाच्या आवाजात सगळे मिळून माझं नाव घेतात." मी हसलो. मी पडलो कवी. मला वाटलं, पोरगं बरं बोललं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

महिन्याभरात त्यानं खोलीतला बल्ब काढून टाकला. त्यातून आपल्यावर पाळत ठेवतात, असं त्याचं म्हणणं. जेवताना स्वतःचं ताट माझ्या ताटाशी बदलायचा. मग कामावर जाणं सुटलं. वय अवघं तेवीस. डॉक्टरांकडे चल म्हटलं की एकच उत्तर, "मेरेकू कुच नै हुआ." मला काही झालेलं नाही. आज मला बोलायचं आहे ते या एका वाक्याबद्दल.

आम्हाला वाटायचं, हा हट्टी आहे. अम्मीला वाटायचं, कुणाचा तरी साया पडला आहे. शेजारी म्हणायचे, लग्न करून द्या, आपोआप सुधारेल. आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात, हे पुढे कळलं. आणि त्याहून उशिरा कळलं ते असं, की या आजाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना आपण आजारी आहोत ही जाणीवच होत नाही. तो खोटं बोलत नसतो, नाटक करत नसतो. ज्या मेंदूनं स्वतःचा आजार ओळखायचा, आजार त्याच मेंदूला झालेला असतो. त्याला ते आवाज तुमच्या-माझ्या आवाजाइतकेच खरे ऐकू येतात. मग "तुला भास होतात" असं शंभर वेळा सांगून काय उपयोग? आपण शत्रूला सामील झालो, एवढाच अर्थ तो काढतो.

आम्ही ज्या चुका केल्या, त्या सांगतो. दुसऱ्या कुणाच्या घरात त्या टळाव्यात, एवढीच इच्छा.

पहिली चूक. त्याला एका दर्ग्यात नेऊन ठेवलं. दुवेवर माझा विश्वास आहे, आणि अम्मीला तिथं धीर मिळाला हे खरं आहे. पण उपचाराचे सात महिने त्यात गेले. तामिळनाडूतल्या एरवाडीची घटना मला ठाऊक होती, तरीही मी नेलं. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तिथं मनोरुग्णांना ठेवलेल्या एका खासगी जागेला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही. 28 जण गेले. श्रोतेहो, अशा ठिकाणी माणसाला आणून सोडणारे बहुतेक वेळा घरचेच असतात, आणि त्यांचंही त्याच्यावर प्रेम असतं.

दुसरी चूक. कुणीतरी सुचवलं म्हणून मी त्याच्या चहात औषध मिसळलं. आठवडाभर चाललं. आठव्या दिवशी त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. घरचे मला विष घालतात, हा त्याचा भ्रम होता. तो मी माझ्या हातानं खरा करून दाखवला. त्यानंतर चार महिने त्यानं घरचा घास खाल्ला नाही. हातगाडीवरचं पाव-भजी खायचा, नळाला तोंड लावून पाणी प्यायचा.

तिसरी चूक जबरदस्तीची. चौघांनी धरून रिक्षात कोंबलं. औषध सुरू झालं, थोडा फरकही पडला. पण तीन महिन्यांनी गोळ्या त्यानं गटारात टाकल्या आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

दरम्यान एक पुस्तक हाती आलं. झेव्हियर अमादोर हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. त्यांच्या थोरल्या भावाला हाच आजार होता आणि तोही उपचार नाकारायचा. अमादोर यांनी 2000 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं सार चार शब्दांत मावतं: आधी ऐका, मग त्याचं दुःख समजून घ्या, जिथं एकमत होईल ते शोधा आणि तेवढ्यापुरते सोबती व्हा. वादात जिंकून कुणी रुग्णाला दवाखान्यात नेत नाही. तो येतो ते आपल्यावरच्या भरवशानं.

मग मी वाद सोडला. रमजान होता. सहरीला मी त्याच्या खोलीत ताट नेलं आणि त्याच ताटातला पहिला घास स्वतः खाल्ला. रोज. अकराव्या की बाराव्या दिवशी त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. मी विचारलं, "ते लोक काय म्हणतात रे?" तो तासभर बोलला. मी "हो" म्हटलं नाही, "नाही" म्हटलं नाही. शेवटी म्हणालो, "एवढं ऐकत राहिल्यावर झोप कशी लागणार?" तो म्हणाला, "झोपच नाही ना, भाईजान." आमचं एकमत झालं ते इथं. आजारावर नाही, झोपेवर. झोपेच्या तक्रारीसाठी तो स्वतःच्या पायानं डॉक्टरांकडे आला.

पुढे कळलं, त्याच्या नकाराला एक सरळ कारणही होतं. पहिल्या गोळ्यांनी त्याचे हात ताठरायचे. तुटलेल्या सुताला गाठ मारता येईना. विणकराला गाठ मारता येत नाही, म्हणजे काय उरलं? हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी औषध बदललं. औषध नको म्हणणाऱ्याला "का नको" हे एकदा शांतपणे विचारावं, असं मला तेव्हापासून वाटतं.

पण गोडीगुलाबीनं सगळं निभावतं, असं मी सांगणार नाही. 2019 मध्ये त्यानं पुन्हा औषध सोडलं. अन्नपाणी तोडलं आणि एका रात्री जीव द्यायची भाषा केली. त्या वेळी थांबणं हा गुन्हा ठरला असता. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 च्या मे महिन्यात लागू झाला आहे. रुग्णाच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, त्याच्या संमतीशिवायही दाखल करता येतं. मात्र दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. ही मुदत सुरुवातीला जास्तीत जास्त तीस दिवसांची. मंडळाकडे दाद मागायचा हक्क रुग्णाला असतो. साखळीनं बांधायला कायद्यानं सक्त मनाई आहे. रस्त्यावर भटकणारा असा माणूस दिसला, तर त्याला संरक्षणात घेऊन सरकारी दवाखान्यात पोहोचवणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. माणूस बरा असताना, पुढे आजार उलटला तर माझ्यावर कसे उपचार करावेत आणि माझ्या वतीनं कुणी बोलावं, हे तो लिहून ठेवू शकतो. भावानं ते लिहिलं आहे. त्यात एक ओळ अशी आहे: चौघांनी धरू नये.

आता घरच्यांबद्दल. आम्ही बारा वर्षं हा आजार लपवला. बहिणीच्या सासरी "तो मुंबईला असतो" असं सांगितलं. कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपवलं नाही. पुण्यात 'सा' ही या आजाराबद्दल जागृती करणारी संस्था उभी केली. नातेवाइकांनी एकत्र बसून मन मोकळं करावं, ही रीत तिथं आहे. 2004 च्या 'देवराई' चित्रपटातला शेष आणि त्याची बहीण तुम्हाला आठवत असतील. मी तो पाहिला तेव्हा कळलं, ही गोष्ट एकट्या आमच्या घरची नाही. आज तर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही मोफत बोलता येतं. हा फोन रुग्णासाठी आहे, तसाच तुमच्यासाठीही आहे. सांभाळणारा कोसळला, तर सांभाळणार कोण?

भाऊ आता दिवसपाळीला टॉवेलच्या घड्या घालायला जातो. एकदा तो मला सांगत होता, टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एक ताठ ठेवायचं, दुसरं सैल सोडायचं. दोन्ही ताठ केली तर कापड निघेल, टॉवेल निघणार नाही. मी काही बोललो नाही. मला जे शिकायला इतकी वर्षं लागली, ते त्यानं सहज सांगितलं होतं.

महिन्यातून एकदा आम्ही दोघं स्कूटरवरून इंजेक्शनला जातो. वाटेत तो हमखास म्हणतो, "मला काही झालेलं नाही हं. झोपेसाठी घेतो."

मी म्हणतो, "बरं. नीट धरून बस."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)