पेढीचा आवाज



 व्यवसायवृद्धीसाठी पॉडकास्ट सुरू करावा काय, आणि करावा तर कसा, हा आज इंदूरच्या या व्यापारी परिषदेपुढे असलेला प्रश्न वरवर पाहता यंत्रविद्येचा भासतो. परंतु माझ्या मते तो मूलतः व्यापाराच्या पतीचा, आणि म्हणून फार जुना, प्रश्न आहे.

याचे एक जुने उदाहरण पाहा. 1920 साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र काढले, तेव्हा तेथे तयार होणाऱ्या लोखंडी नांगरांची व इतर मालाची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचावी, एवढाच त्यामागचा माफक हेतू होता. तथापि शंकर वासुदेव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्या पत्राचा विस्तार होत गेला. उद्योगधंदे, समाजसुधारणा, कथा यांना त्यात मानाचे स्थान मिळाले, सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने निघू लागलेल्या याच पत्रातून वाचकांपुढे आले, आणि 1930 साली ‘स्त्री’ व 1934 साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याच्या जोडीस आली. त्याआधी अमेरिकेत, नांगरांच्याच धंद्यातून नावारूपाला आलेल्या जॉन डिअर कंपनीने 1895 साली ‘द फरो’ हे शेतीविषयक नियतकालिक सुरू केले होते, आणि ते अद्यापि चालू आहे. आपल्या मालाची स्तुती मागे ठेवून ज्या कारखानदारांनी गिऱ्हाइकाच्या शेतीची, संसाराची आणि बुद्धीची कदर केली, त्यांचे नाव गिऱ्हाइकाच्या घरात आप्ताच्या नावासारखे घेतले गेले, हा या दोन्ही उदाहरणांतून मी घेतलेला बोध आहे.

आवाजाच्या बाबतीतही हाच दाखला मिळतो. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात, 1952 साली, आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, आणि त्याच वर्षी रेडिओ सिलोनवरून बिनाका टूथपेस्ट बनविणाऱ्या कंपनीने ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली. तिचे निवेदक अमीन सायानींनी श्रोत्यांना ‘बहनो और भाइयो’ अशी जी साद घातली, तिच्यात टूथपेस्टचा आग्रह कितीसा होता? आठवड्याच्या ठरलेल्या वेळी येणारा एक ओळखीचा, जिव्हाळ्याचा आवाज, एवढ्यावर ‘बिनाका’चे नाव घरोघर झाले. इंदूरला तर आवाजाची परंपरा नव्याने सांगण्याची गरजच नाही: लता मंगेशकरांचा जन्म याच शहरातला, सुशील दोशींचे क्रिकेटचे धावते वर्णन याच शहराचे, आणि रेडिओ मिरचीचे पहिले केंद्र 2001 साली उघडले तेही येथेच.

आता कृतीविषयी. ध्वनिमुद्रणासाठी काचा आणि फरशी यांनी चकचकीत केलेले कार्यालय निवडू नका. तेथे शब्द भिंतींवर आपटून परत येतो. येथील महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधील एखाद्या पेढीत, जेथे कापडाची ठाणे छतापर्यंत रचलेली आहेत आणि खाली जाड गादी अंथरलेली आहे, तेथे दुकान बंद झाल्यावर बसा; कापड प्रतिध्वनी शोषून घेते, आणि हजारो रुपये खर्चून जी शांतता विकत घ्यावी लागते ती तेथे आयती मिळते. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित तिरपा ठेवावा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ उच्चारताना निघणारा श्वास त्यावर थेट आदळत नाही.

यापेक्षा महत्त्वाची बाब मालकीहक्काची आहे. पॉडकास्टचा ध्वनी एका ठिकाणी साठविलेला असतो, आणि त्याची आरएसएस नावाची यादी निरनिराळ्या अॅप्सना नव्या भागाची वर्दी देते. ही यादी आपल्या ताब्यात, आपल्या नावे असली पाहिजे. 2024 साली गूगलने आपले पॉडकास्टचे अॅप बंद केले, तेव्हा ज्यांची यादी स्वतःची होती त्यांचे भाग इतर अॅप्सवर पूर्ववत ऐकू येत राहिले. दुकानाचे भाडेपत्र आपण जितक्या दक्षतेने तपासतो, तितक्याच दक्षतेने हा दस्तऐवज तपासावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आणि बोलावे काय? येथील सियागंज बाजाराच्या किराणा व्यापाऱ्याने हळदीतील भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी ते सांगावे. शेवेच्या कारखानदाराने तेल किती वेळा तापवावे आणि केव्हा टाकून द्यावे, हे निःसंकोचपणे सांगावे. धंद्याचे मर्म उघड केल्याने गिऱ्हाईक दुरावेल, ही भीती मला अनाठायी वाटते; जो आपल्याला पारख शिकवितो त्याच्याकडेच माणूस खरेदीला जातो. भाषेविषयी एवढेच म्हणेन, की होळकरांच्या अमदानीपासून माळव्यात मुरलेली, हिंदी आणि माळवी यांचा सहवास लाभलेली आपली मराठी पुण्याच्या साच्यात घालण्याचा अट्टाहास करू नये. विक्रीचे आकडे पहिल्या महिन्यात हलणार नाहीत, हे गृहीत धरूनच आरंभ करावा, आणि भाग पंधरवड्याने निघणार असेल तर तो पंधरवड्यानेच निघावा.

या परिषदेपुढे माझा एकच ठराव आहे. लहान व्यावसायिकांना वापरता यावी अशी एक सामायिक ध्वनिमुद्रणाची खोली वर्गणीतून इंदुरात उभारावी, आणि तिच्यातील पहिले मुद्रण कोणत्याही पेढीच्या मालाविषयी नसावे. हुकुमचंद मिल, माळवा मिल या येथील कापडगिरण्यांच्या साच्यांवर ज्यांनी हयात घालविली, आणि ज्यांना सुताचा धागा बोटांच्या स्पर्शाने पारखता येतो, अशा वयोवृद्ध कामगारांना तेथे प्रथम सन्मानाने पाचारण करावे. या कार्यासाठी मी माझी वर्गणी आजच कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहे.