आठवण गेली म्हणजे माणूस गेला काय?



घरातील वृद्धांना नातवाचे नाव आठवेनासे झाले की, ‘आता ते पूर्वीचे राहिले नाहीत,’ असे लोक सहज म्हणतात. इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक याने १६९४ साली असाच विचार मांडला : आठवण पोचते तिथवरच ‘मी’. हे खरे मानले, तर विस्मरणाबरोबर माणूसही संपला! आम्हांस हे मान्य नाही.

अमेरिकेतील हेन्री मोलेसन याच्या मेंदूवर १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. पुढे नवी गोष्ट त्याच्या ध्यानात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यास आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्यास दिली. तीन दिवसांत हात सफाईने चालू लागला. परंतु हे आपण पूर्वी केले आहे, याची त्याला आठवण नव्हती. त्याच्या वागण्यातील सौजन्यही शेवटपर्यंत टिकले.

एवढ्याने ‘मी’चे कोडे सुटत नाही. तरी इतके दिसते की, माणूस केवळ आठवणींत नसतो. तो सवयींत, स्वभावात, हाताच्या वळणातही असतो. म्हणून नातवाचे नाव विसरलेल्या आजोबांसमोर ते तेथे नसल्यासारखे बोलू नये. त्यांना विचारावे, थांबावे, आणि उत्तर न आले तरी पूर्वीचीच अदब राखावी.