प्राथमिक निवडणूक आणि पक्षाबाहेरील मतदार

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या मतदारयादीत मतदाराचे नाव व वय असते. त्याचा पक्ष कोणता, याची नोंद नसते. अमेरिकेतील अनेक राज्यांत मात्र मतदार म्हणून नाव नोंदवितानाच पक्षही नोंदविता येतो. आजच्या विषयाचे मूळ या फरकात आहे.

दुसरा फरक उमेदवार निवडीचा. आपल्याकडे निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, 1968 अन्वये पक्षांना मान्यता मिळते. परंतु उमेदवारी कोणास द्यावी, हा पक्षाचा अंतर्गत प्रश्न मानला जातो. अमेरिकेत पक्षनेत्यांची मक्तेदारी मोडण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी हा अधिकार मतदारांकडे सोपविण्याची चळवळ झाली. विस्कॉन्सिन राज्याने 1904 मध्ये सार्वमताने तसा कायदा स्वीकारला. हीच प्राथमिक निवडणूक. ती सामान्यतः सरकारी यंत्रणा घेते व खर्चही सरकारी तिजोरीतून होतो.

पक्षाच्या मान्यतेचे निकष प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. उदाहरणार्थ, मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यव्यापी पदासाठी किमान 3 टक्के मते किंवा एकूण मतदारांपैकी 1 टक्का नोंदणी आवश्यक असते.

मग ज्याने कोणताच पक्ष नोंदविला नाही, त्याने काय करावे? याची तीन उत्तरे आढळतात. पेनसिल्व्हेनियात प्राथमिक निवडणूक 'बंद' आहे. पक्षांचे उमेदवार केवळ त्या त्या पक्षाचे नोंदणीकृत मतदारच निवडतात. मॅसॅच्युसेट्समध्ये पक्षाबाहेरील मतदार कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो आणि मतदानानंतरही पक्षाबाहेरच राहतो. कॅलिफोर्नियाने जून 2010 मध्ये सार्वमताने तिसरा मार्ग स्वीकारला. तेथे सर्व उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, सर्व मतदार मत देतात आणि पहिले दोघे अंतिम फेरीत जातात. अध्यक्षपदासाठी मात्र हा नियम नाही. त्यामुळे 2024 मध्ये तेथील डेमोक्रॅटिक पक्षाने अशा मतदारांना प्रवेश दिला, रिपब्लिकन पक्षाने दिला नाही.

न्यायालयीन निर्णयही लक्षात ठेवावेत. पक्षाबाहेरील मतदारांना बोलाविण्याची पक्षाची इच्छा असल्यास राज्य त्यास मनाई करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये कनेक्टिकटच्या प्रकरणात ठरविले. उलट, पक्षाची इच्छा नसताना त्याचा उमेदवार इतरांकडून निवडून घेणे हा पक्षाच्या संघटनस्वातंत्र्याचा भंग होय, असा निर्णय 2000 मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रकरणात 7 विरुद्ध 2 मतांनी झाला. कॅलिफोर्नियाची 2010 ची पद्धत यातून वाट काढते, कारण तीत पक्षाचा अधिकृत उमेदवार निवडलाच जात नाही.

अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून मला येथे एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जो मतदारसंघ एकाच पक्षाचा बालेकिल्ला असतो, तेथे खरा निर्णय प्राथमिक फेरीतच होतो. पक्षाबाहेरील नागरिक कर भरतो, त्या करातून निवडणूक होते आणि निर्णायक दिवशी तोच दाराबाहेर राहतो. परंतु दार सताड उघडल्यानेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. 2012 मध्ये कॅलिफोर्नियाच्या 31 व्या काँग्रेस मतदारसंघात डेमोक्रॅटिक मते अनेक उमेदवारांत विभागली गेली आणि त्या पक्षाकडे कल असलेल्या मतदारसंघात अंतिम लढत दोन रिपब्लिकनांमध्ये झाली. फ्लोरिडात अशाच सुधारणेला 2020 मध्ये सुमारे 57 टक्के मते मिळाली. पण 60 टक्क्यांची अट असल्याने ती फेटाळली गेली. 2024 मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा व साउथ डकोटा येथील मतदारांनीही असे प्रस्ताव नाकारले.

मित्रहो, उत्तरपत्रिकेत 'खुली पद्धत चांगली, बंद पद्धत वाईट' असे लिहू नका. पक्ष ही स्वेच्छेने एकत्र आलेल्यांची संघटना आहे आणि त्याच वेळी सत्तेचे सार्वजनिक प्रवेशद्वारही आहे. या दोन भूमिकांतील ताण ओळखणे हेच या विषयाचे सार होय. आपल्याकडे उमेदवारीचा निर्णय मतदारापासून अधिकच दूर होतो. म्हणून हा प्रश्न परका समजू नये.