आमचा पहिला संगणक आणि एक ‘ळ’



भिलाईच्या आमच्या घरी पहिला संगणक आला तो १९८९ साली. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने १९८२ मध्ये काढलेला हा ‘स्पेक्ट्रम’. त्याची परवान्याने केलेली भारतीय आवृत्ती पुण्यात निघू लागली होती. भाजणी-मेतकुटाच्या डब्यांबरोबरच तोही पुण्याहून आला. साहजिकच मला तो माहेरचाच वाटला!

स्मृती अवघी ४८ किलोबाइट. पडदा म्हणजे घरातला टीव्ही. तेव्हा रविवारी ‘महाभारत’ संपेपर्यंत मुलांना धीर धरणे भाग असे. एरवी नाट्यगीते ऐकविणारा टेपरेकॉर्डर कॅसेटवरचा खेळ यंत्रात भरताना पाच-पाच मिनिटे किंचाळत राही.

यंत्रात मराठी अक्षर मात्र एकही नव्हते. स्वतःचे आकार रचावयास २१ जागा तेवढ्या मोकळ्या होत्या. एकेका आकाराला आठ ओळी, ओळीत आठ घरे. लेकीने चौकटीच्या वहीत ‘क’ काढला. ठिपक्यांची रांगोळीच ती! भरलेल्या घरांची बेरीज करून ओळीमागे एक आकडा यंत्राला द्यावयाचा. सलग शिरोरेघेचा आकडा २५५, तो अजून पाठ आहे.

पण २१ जागांत आपली वर्णमाला कशी मावणार? शेवटची जागा ‘ष’ला द्यावी की ‘ळ’ला, यावर घरात वाद झाला.

“आई, शाळेच्या हिंदीत ‘ळ’ लागतच नाही,” मुलगा म्हणाला.

“म्हणूनच ठेव. आजीला ‘बाळ’ कसं लिहिशील?”

‘ळ’ राहिला. त्या दिवाळीत पडद्यावर उमटले, ‘फराळ आला’. त्याचे छायाचित्र काढून मी पुण्यास आईला पाठविले.