वेदनेला शब्द हवेत

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या जुन्या दप्तराला उजाळा मिळतो. निकालपत्रके, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे, हस्तलिखितांचे अंक सारे कौतुकाने पाहतात. हजेरीपट मात्र कोणी उघडत नाही. वास्तविक शाळेत जे कधी बोलले जात नाही, त्याची नोंद पुष्कळदा हजेरीपटावरच असते. आठवी ते दहावीच्या मुलींचा हजेरीपट सलग सहा महिने पाहिला, तर एखाद्या नावापुढे दर महिन्याला दोन-तीन दिवसांची गैरहजेरी ठरावीक अंतराने दिसू शकते. सोबतच्या चिठ्ठीत ‘ताप आला होता’ किंवा ‘घरी पाहुणे होते’ असे काहीबाही लिहिलेले असते. खरे कारण आईला ठाऊक असते, वर्गाच्या बाईंनाही उमगलेले असते. तरी दोघींपैकी कोणी ते उच्चारीत नाही. आजचे भाषण त्या गैरहजेरीविषयी आहे.

मासिक पाळीच्या दिवसांत ओटीपोटात थोडेफार दुखणे नवलाचे नाही. शेकल्याने, विश्रांतीने किंवा साध्या वेदनाशामक गोळीने ते बहुधा थांबते. परंतु जी वेदना मुलीला अंथरुणाला खिळवते, औषधाला दाद देत नाही आणि महिन्यामागून महिने शाळा बुडवते, ती ‘बाईच्या जातीला असायचीच’ म्हणून सोडून द्यावयाची नसते. अशा वेदनेमागे जे आजार असू शकतात, त्यांतील एक प्रमुख आजार म्हणजे एंडोमेट्रिऑसिस.

गर्भाशयाच्या आत जे अस्तर असते, त्यासारखी ऊती या आजारात गर्भाशयाबाहेर वाढते. बीजांडकोश, बीजवाहिन्या आणि ओटीपोटातील आवरणावर, तर काही वेळा आतडे व मूत्राशयावरही, ती आढळते. पाळीच्या चक्रातील संप्रेरकांना ती प्रतिसाद देते. त्या जागी दाह होतो, व्रण पडतात, कधी शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. म्हणून पाळीत असह्य दुखते, आणि काहींना पाळी नसतानाही. शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी कळ येणे, पोट फुगणे, सततचा थकवा, विवाहानंतर शरीरसंबंधाच्या वेळी होणारी वेदना आणि गर्भधारणेतील अडचण हीसुद्धा त्याची लक्षणे आहेत. हा कर्करोग नव्हे आणि संसर्गजन्य रोगही नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील जवळजवळ १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे. निदान होईपर्यंत सरासरी ४ ते १२ वर्षे जातात, असेही ही संघटना सांगते. या आकड्याचा अर्थ घरातल्या हिशेबाने लावून पाहावा. चौदाव्या वर्षी दुखणे सुरू झालेल्या मुलीला त्याचे नाव कळेपर्यंत अठरावे किंवा सव्विसावे वर्ष उजाडते. मधल्या काळात तिची दहावी होते, बारावी होते, महाविद्यालय, पहिली नोकरी, कदाचित विवाहही होतो. आयुष्याचा पाया घालावयाची ही वर्षे ती दर महिन्याला दोन-चार दिवस गमावून काढते, आणि ‘नाजूक’, ‘कामचुकार’, ‘नाटकी’ अशी विशेषणे मात्र पदरात पडतात.

इतका विलंब का होतो? पहिले कारण भाषेतले आहे. मराठी घरांत पाळीला ‘कावळा शिवला’, ‘बाजूला बसली’, ‘अडचण आहे’ असे म्हणण्याची रीत होती. या शब्दांत कावळा आहे, बाजूची जागा आहे, अडचण आहे. शरीर तेवढे नाही. जिथे पाळीलाच सरळ नाव नाही, तिथे पाळीतल्या दुखण्याला कोठून असणार? अलीकडे स्वच्छतेविषयी मोकळेपणाने बोलले जाते. २०१८ मध्ये सॅनिटरी नॅपकिनवरील जीएसटी रद्द झाला, शाळाशाळांतून माहितीपर व्याख्याने होतात, हे स्वागतार्हच आहे. मात्र स्वच्छतेवर सुरू झालेले बोलणे वेदनेपर्यंत क्वचितच पोहोचते.

दुसरे कारण म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दिला गेलेला दिलासा: ‘लग्न झाले की बरे होईल’, ‘एक मूल झाले की थांबेल.’ बाळंतपणाने हा आजार बरा होत नाही. ज्या आजाराने गर्भधारणाच अवघड होऊ शकते, त्यावर अपत्य हाच उपाय सांगणे केवढे क्रूर आहे! तिसरे कारण असे की, साध्या सोनोग्राफीत हा आजार नेहमी दिसतोच असे नाही. अहवाल निर्दोष आला की घरचे निःशंक होतात, आणि मुलीची वेदना खोटी ठरते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना या संदर्भात एक अभिमानाचा वारसा आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे भाषण करून, वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस का जावयाचे, हे सांगितले. या देशातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. डॉ. रखमाबाई यांनी लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले आणि सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. बाईचे दुखणे ऐकून घेणारे कोणी असावे, यासाठी त्या दोघींनी समुद्र ओलांडले. आज स्त्री-डॉक्टर शहरोशहरी आहेत. अंतर उरले आहे ते घरातल्या स्वयंपाकघरापासून दवाखान्याच्या दारापर्यंतचे.

ते अंतर कापण्यासाठी मातृभाषा उपयोगी पडते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, दुखते म्हणजे कसे दुखते? मराठीजवळ त्याची उत्तरे भरपूर आहेत. कळ येते, ठणका लागतो, चमक मारते, पोट पिळवटून निघते, कंबरेतून ओढ मांडीत उतरते, ओटीपोट जड होते. यांतील प्रत्येक शब्द वेगळी वेदना सांगतो. डॉक्टर तेलुगू, गुजराती वा हिंदी बोलणारे असतील, पण मुलीने आईजवळ नेमके सांगितले, तर आई ते कोणत्याही भाषेत पोहोचवू शकते. मराठी माध्यमाच्या शाळेने साठ वर्षे जी भाषा शिकवली, ती निबंधापुरती नाही. स्वतःचे दुखणे नेमके सांगता येणे हेही भाषेचेच शिक्षण आहे.

पालकांनी एक साधी वही करावी. पाळीची तारीख, वेदनेचे दिवस, दुखण्याची जागा व प्रकार, घेतलेली गोळी व तिचा गुण, बुडालेली शाळा हे सारे तीन महिने लिहावे आणि ती वही स्त्रीरोगतज्ज्ञांपुढे ठेवावी. पुष्कळदा निदानाची दिशा अहवालापेक्षा अशा नोंदींतून सापडते. अविवाहित मुलीच्या तपासणीची धास्ती बाळगू नये. सोनोग्राफी पोटावरूनही करता येते. वेदनाशामके, संप्रेरकांची औषधे आणि गरज पडल्यास दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया हे उपचार आहेत. संप्रेरकांच्या काही गोळ्या गर्भनिरोधक म्हणून ओळखल्या जातात, एवढ्यावरून त्या नाकारू नयेत. येथे त्या वेदनेवरील औषध असतात. आजार समूळ नाहीसा करणारा उपाय अद्याप नाही, पण वेदना आटोक्यात ठेवून शिक्षण, नोकरी आणि संसार नीट करता येतो.

हे काम केवळ आयांचे नव्हे. गोळी आणून देणाऱ्या वडिलांना ती कशासाठी आहे हे ठाऊक असावे, भावाने चेष्टा करू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज कार्यालये, कारखाने, दुकाने चालवतात, त्यांनी सहकारी स्त्रीच्या रजेच्या अर्जाकडे संशयाने पाहू नये. आणि शाळेने? वर्गशिक्षिकेने हजेरीपटावरील ठरावीक गैरहजेरी ओळखावी, मुलीला एकटीला जवळ बसवून विचारावे, पालकांशी बोलावे. खेळाच्या तासाला तिला सक्ती नसावी. शिपाईमामांच्या देखत कारण सांगण्याची वेळ तिच्यावर येऊ नये. दर महिन्याला गैरहजर राहणारी प्रत्येक मुलगी या आजाराची रुग्ण असेलच असे नाही. परंतु प्रत्येकीला विचारणारे कोणी तरी असलेच पाहिजे.

शाळेच्या साठ वर्षांत कितीजणी वर्गाच्या मागच्या बाकावर पोट दाबून बसल्या असतील, याचा हिशेब आता लागणार नाही. त्यांतील काही आज या सभागृहात आहेत. काहींच्या लेकी याच शाळेत शिकत आहेत. आईने जे सोसले ते लेकीनेही सोसावे, असा कोणताही नियम नाही. आज घरी गेल्यावर आईने लेकीला एवढेच विचारावे, ‘बाळ, तुला नेमके कसे दुखते?’ आणि उत्तर पुरे होईपर्यंत ऐकावे.