रेसिंगच्या फोटोंसाठी लेन्स: चाळीस हजारांत काय येतं?

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे होतोय. नाशिकचा एक मुलगा आहे, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. तो म्हणतो, "दादा, माझ्याकडे निकॉन डी ५६०० आहे आणि चाळीस हजार साठलेत. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर रेस शूट करायला जायचंय. ७०-२०० एफ २.८ घेऊ का? बाबांच्या नावावर ईएमआय होईल. सगळे प्रो तीच वापरतात."

मित्रा, नको घेऊस. आता का ते सांगतो.

आधी साधं गणित करू. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर २३.५ मिलिमीटर रुंद आहे. अंतराला त्याने गुणायचं आणि फोकल लेन्थने भागायचं, की फ्रेममध्ये किती मीटर मावतात ते कळतं. समजा गाडी ६० मीटरवर आहे. २०० एमएमला सुमारे ७ मीटर मावतात, ३०० ला ४.७. साडेचार मीटरची कार ३०० ला फ्रेम भरून टाकते. पण बाईक असते जेमतेम दोन मीटर, म्हणजे ३०० लासुद्धा ती निम्म्याहून कमी फ्रेम घेते. २०० ला तर विचारूच नका. आणि प्रेक्षकांच्या बाजूने शूट करताना ६० मीटर म्हणजे जवळचं अंतर समजा. लाखाच्या पुढे मोजून तू मुळात कमी पडणारी रेंज विकत घेणार आहेस.

"पण दादा, एफ २.८!" हो, ऐकतोय.

रेसिंगचा जो फोटो आपल्याला आवडतो, त्यात गाडी शार्प असते आणि मागचं सगळं रेषारेषांचं होऊन पळत असतं. तो पॅनिंगने येतो. शटर १/१००० ठेवलं तर बऱ्याचदा चाकं गोठतात आणि भन्नाट वेगातली कार सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असल्यासारखी दिसते. पॅनिंगला शटर लागतं १/१२५ किंवा त्याहूनही हळू. आता चेन्नईचं दुपारचं ऊन घ्या. आयएसओ १००, शटर १/१२५, तर अ‍ॅपर्चर जातं एफ १४-१६ च्या आसपास. म्हणजे ज्या एफ २.८ साठी बाप हप्ते भरणार, ते अख्खी दुपार बंदच! तिथे स्वस्तातली एफ ६.३ वाली लेन्सही त्याच एफ १६ वर उभी असते. १/३० पर्यंत उतरायचं असेल तर उलट एनडी फिल्टर लावून उजेड कमी करावा लागतो.

एफ २.८ खरंच कुठे लागतं? संध्याकाळ उतरल्यावर, आणि रात्री. २०२४ मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर फॉर्म्युला ४ ची रात्रीची रेस झाली. तशा ठिकाणी समोरून येणारी गाडी गोठवायची तर स्लो लेन्सचा आयएसओ आभाळाला भिडतो. जाळीतून शूट करतानाही मोठं अ‍ॅपर्चर कामाला येतं, कारण जाळी विरघळून जाते. पण हे रोज करणाऱ्याला फोटोचे पैसे मिळतात. त्याचं गणित वेगळं.

मग घ्यायचं काय? तुझ्या बॉडीला निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर. वजन अर्ध्या किलोच्या आत, फोकस झपकन आणि आवाज न करता. एकच गोष्ट बघ: हिची व्हीआर नसलेली जुळी बहीण बाजारात फिरते, दिसायला तशीच. नाव नीट वाचून घे. आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाकडे डी ३१०० किंवा डी ७००० असेल तर थांबा, एएफ-पी लेन्स त्यांवर ऑटोफोकस करत नाही. कॅननवाल्यांनी ईएफ-एस ५५-२५० एसटीएम बघा.

बाईकसाठी आणखी रेंज हवी? सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० त्या दोन-तीन दिवसांपुरती भाड्याने घे. पुण्या-मुंबईत मिळते. साधारण दोन किलो वजन आहे, दुपारपर्यंत खांदा बोलायला लागतो, म्हणून मोनोपॉड सोबत घे. टॅमरॉनच्या जी २ वर स्टॅबिलायझेशनचा मोड २ खास पॅनिंगसाठी आहे: उभा हादरा आवरतो, आडव्या हालचालीच्या आड येत नाही.

सेकंड हॅण्ड घेणार असशील तर समोरासमोर घे. मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून मार आणि पुढून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यात मुंबई-कोकणातल्या लेन्सला हमखास शंका घ्यायची. मग पूर्ण झूमवर, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला दुकानाची पाटी शूट कर आणि चारही कोपरे मोठे करून बघ. विकणारा "घाई आहे" म्हणाला तर नमस्कार करून निघ.

उरलेले पैसे ट्रेनच्या तिकिटाला आणि राहण्याला ठेव. एकदा जाण्याऐवजी दोनदा जाता आलं तर बघ. पहिल्या दिवशी अर्धा वेळ कोणत्या वळणावर ऊन कुठून येतं हेच शोधण्यात जातो. आणि जायच्या आधी महिनाभर सिटी बसवर पॅनिंग कर. १/१२५ ने सुरू कर, जमायला लागलं की १/६०. शंभरात पाच फोटो शार्प आले तरी पुढे सरक.

पुढच्या भागात मेमरी कार्ड आणि बर्स्टचा बफर. तोवर नाशिककर, बाबांना सांग, सही करायची गरज नाही.