सर्व्हिसिंगनंतर गाडी ओढत नाही तेव्हा

(शेतकरी, ग्रामसेवक, शिक्षक व वाहनचालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डिझेलवर चालणारे एकही वाहन नाही, असे गाव आता शोधूनही क्वचितच सापडेल. कोठे ट्रॅक्टर आहे, कोठे मालाची पिकअप आहे, कोठे मुलांना शाळेत नेणारी बस आहे. ही वाहने ठराविक मुदतीने सर्व्हिसिंगला जातात आणि बहुधा सुस्थितीत परत येतात. परंतु कधी कधी असे घडते की, गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी सुरळीत चालणारी गाडी परत आल्यावर निराळाच आवाज करू लागते आणि चढावर तिची ताकद कमी पडते. अशा वेळी मालक गोंधळून जातो. कोणी म्हणतो नोझल गेले, कोणी म्हणतो पंप उतरवावा लागेल, कोणी तर इंजिनच बांधून घेण्याचा सल्ला देतो. ऐन नांगरणीत ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला, तर पाऊस आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून अशा प्रसंगी विचार कोणत्या क्रमाने करावा, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, पिस्टन, बेअरिंग, नोझल हे भाग झिजतात, पण ती झीज हळूहळू होते. गाडी सकाळी चांगली होती आणि सर्व्हिसिंग होऊन सायंकाळी बिघडली, तर योगायोगाची शक्यता थोडी आणि हात लागलेला एखादा भाग नीट न बसल्याची शक्यता अधिक असते. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी कामाचे बिल हाती घ्यावे. काय काढले, काय बदलले, काय जुळविले, याची यादी करावी आणि त्या यादीतील भाग सोप्याकडून कठीणाकडे या क्रमाने तपासावेत.

हे समजण्यासाठी इंजिनाचे काम थोडक्यात पाहू. डिझेल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: पुरेशी हवा, योग्य वेळी योग्य मापाचे डिझेल, आणि त्या हवेवरील दाब. पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे येथे ठिणगी नसते. हवा तिच्या मूळ जागेच्या साधारण सोळाव्या ते विसाव्या हिश्शात दाबली जाते, त्यामुळे ती पाचशे अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यास किमान दहा हजार लिटर हवा लागते, म्हणजे दोनशे लिटरची पन्नास पिंपे भरतील इतकी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हा हिशेब जरूर सांगावा. हवेच्या वाटेत एखादी चिंधी राहिली किंवा एक क्लिप ढिली राहिली, तर गाडी का दमते, हे त्यावरून ध्यानात येते.

आता लक्षणांकडे वळू. धूर हा पहिला साक्षीदार होय. भार पडताच काळा धूर येत असेल, तर डिझेल आहे पण हवा कमी पडते. एअर क्लीनर, त्याचे झाकण आणि होज पाइप पाहावेत. जुन्या ट्रॅक्टरांच्या तेलाच्या एअर क्लीनरमध्ये खुणेपेक्षा जास्त तेल भरले गेले, तरी हवा अडते व ते तेल इंजिनात ओढले जाण्याचा धोका असतो. पांढरा धूर व धडधड असेल, तर बहुधा डिझेल न जळता बाहेर पडत आहे. डिझेल फिल्टर बदलताना लाइनमध्ये हवा राहिली किंवा पंपाचे टायमिंग हलले, तर असे होते. मात्र गरम इंजिनातूनही दाट पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचे पाणी घटत असेल, तर हेड गॅस्केटमधून पाणी आत जात असल्याचा संशय धरून गाडी चालविणे थांबवावे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेले आहे काय, हे त्या वेळी प्रथम पाहावे. आणि धूर मुळीच नाही, तरीही ताकद नाही, असे असेल तर इंजिनाला डिझेलच पुरेसे मिळत नाही. फिल्टर, त्याचे वॉशर आणि अ‍ॅक्सिलरेटरची तार शेवटपर्यंत खेचली जाते की नाही, हे तपासावे. धूर गाळणारी जाळी बसविलेल्या नव्या गाड्यांत मात्र हा साक्षीदार बहुधा गप्प असतो.

दुसरा साक्षीदार आवाज. वेग वाढविताना शीळ घातल्यासारखा आवाज आला, तर हवेच्या होजचा जोड सुटलेला असतो. फुस् फुस् असा, इंजिनाच्या लयीत येणारा आवाज नोझलच्या खालचे वॉशर किंवा सायलेन्सरच्या बाजूचे पॅकिंग गळत असल्याचा असतो. हलका, भरभर येणारा टिक् टिक् आवाज टॅपेटचा. प्रत्येक व्हॉल्व्ह इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा उघडतो, म्हणून आठशे फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनात एका टॅपेटची टिकटिक मिनिटाला चारशे वेळा होते. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाशी व टोक इंजिनावर ठेवून आवाजाची जागा बरीच अचूक सापडते. तसे करताना पदर, उपरणे वा सैल बाही पंख्याजवळ जाऊ देऊ नये.

टॅपेटविषयी एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. टॅपेटमधील फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी बारीक असते आणि ती फिलर गेजने, कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे इंजिन थंड वा गरम असताना मोजावयाची असते. फट जास्त राहिली तर टिकटिक ऐकू येते आणि मालक तक्रार करतो. ती अतिशय कमी ठेवली तर आवाज मुळीच येत नाही, उलट इंजिन शांत झाल्यासारखे वाटते. पण इंजिन तापल्यावर तोच व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो, गाडीची ताकद जाते आणि काही दिवसांत व्हॉल्व्ह जळतो. आवाज करणाऱ्या दोषापेक्षा हा मुका दोष अधिक महाग पडतो. म्हणून 'आवाज गेला, काम झाले' असे समजू नये. चढावर गाडी पूर्वीसारखी ओढते काय, हेही पाहावे.

कित्येकदा इंजिन निर्दोष असते आणि दोष दुसरीकडेच असतो. ब्रेक जुळविताना ते घट्ट राहिले, तर गाडी ओढत नाही असे वाटते. ब्रेक फारसे न लावता दोन-तीन किलोमीटर चालवून थांबावे आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन ऊब पाहावी, हात टेकवू मात्र नये. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल, तर गुन्हेगार सापडला. तसेच इंजिनाची घरघर वाढते पण गाडीचा वेग वाढत नाही, अशी स्थिती असेल तर क्लच सरकतो आहे. क्लचच्या पॅडलला थोडी मोकळी चाल आहे काय, ते पाहावे.

एक उदाहरण घेऊ. बेळगावहून भाजी घेऊन चोर्ला घाटाने गोव्यात येणारी एक टर्बो इंजिनाची पिकअप आहे, असे समजा. सर्व्हिसिंगनंतर ती सपाट रस्त्यावर ठीक चालते, पण चढावर जेथे तिसरा गिअर पुरत असे तेथे आता दुसरा टाकावा लागतो. शीळ ऐकू येते, मागे काळा धूर दिसतो. बिलावर ऑइल, दोन्ही फिल्टर आणि टॅपेट यांची नोंद आहे. शीळ आणि काळा धूर दोन्ही हवेकडे बोट दाखवितात. टर्बो दाबाने हवा भरतो. सपाटीवर हा दाब थोडा असतो, म्हणून सैल जोड तग धरतो. चढावर दाब वाढतो आणि हवा त्याच जोडातून निसटते. येथे टर्बोपुढच्या होजची क्लिप आवळणे हे पाच मिनिटांचे काम आहे. हाच विचार न करता नोझल व पंप उतरविले असते, तर पैसे गेले असते आणि दोष तसाच राहिला असता. क्लिप एअर क्लीनर व टर्बो यांच्यामधली असेल, तर हयगय मुळीच करू नये. आपल्याकडील तांबडी धूळ न गाळता आत जाते आणि सिलिंडर घासून टाकते.

नव्या गाड्यांत सेन्सरचा एखादा प्लग लावावयाचा राहिला, तरी संगणक इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो आणि समोर दिवा पेटतो. अशा वेळी तपासणी यंत्राने दोषाचा संकेत वाचून घ्यावा. जुन्या इंजिनात मेस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करून दुबळा सिलिंडर ओळखतात. कॉमन रेल गाडीवर ही युक्ती कदापि करू नये. तेथे डिझेलचा दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक असतो आणि त्याची बारीक धार कातडी फोडून शरीरात शिरते.

काही प्रसंगी तपासही करीत बसू नये. ऑइलचा दिवा पेटला किंवा इंजिनाच्या पोटातून खोल ठक् ठक् ऐकू आली, तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे. बेअरिंगला ऑइल मिळाले नाही तर काही मिनिटांत इंजिन कायमचे निकामी होते. अशी गाडी दोरी लावून न्यावी, चालवीत नेऊ नये. मुलांची बस असेल, तर मुलांना दुसऱ्या वाहनाने पाठवावे.

शेवटी मालकाच्या कर्तव्याविषयी व हक्काविषयी. गाडी देताना किलोमीटर, ऑइलची पातळी आणि आधीच्या तक्रारी लिहून द्याव्यात. परत घेताना मेस्त्रींना शेजारी बसवून एक चढ चढून पाहावा. नोंदवहीची ही शिस्त सरकारी जीपइतकीच घरच्या ट्रॅक्टरलाही उपयोगी पडते. दोष आढळला तर प्रथम त्याच गॅरेजला, शांतपणे व लेखी कळवावे. बहुतेक मेस्त्री आपले काम आपण होऊन दुरुस्त करून देतात. दाद मिळालीच नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला आहे. त्याखाली सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर सल्लाही मिळतो. तेथे तोंडी बोलण्यापेक्षा जपून ठेवलेले बिल अधिक उपयोगी पडते.

इंजिन लबाडी करीत नाही. कोठे दुखते, ते धुराने, आवाजाने आणि ओढीने सांगते. ते नीट ऐकावे, हात लागला तेथून शोध सुरू करावा आणि सोपे कारण खोटे ठरल्याशिवाय कठीण कारणामागे लागू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.